नावाडी कुणी बुडवला?

१

मंगळवारी सकाळी ओडीलनं दुकान उघडून संगणक सुरू केला, तेव्हा ‘तीन किनाऱ्यांची नदी’ या पुस्तकाच्या एकोणीस मागण्यांपैकी सतरा रद्द झालेल्या होत्या. उरलेल्या दोनांतली एक तिच्या आईची होती.

छातीशी बांधलेली सात महिन्यांची ओपल झोपेत चुळबुळली. ओडीलनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं ‘शेकोटी’ उघडली. पुस्तकातली गोष्ट टेबलाभोवती बसून फाशांनी खेळणारे देशभरातले लोक या ऑनलाइन अड्ड्यावर जमत. एखादं पुस्तक इथं उचललं गेलं की ओडीलच्या ‘सातवा फासा’सारख्या दुकानांत ते आठवडाभरात संपायचं. इथं कुणी नाक मुरडलं की वर्षभर धूळ खात पडायचं.

आज सगळ्यात वर एकच मजकूर होता. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसता आकडा होता, ‘६९८’.

‘हे पुस्तक घेऊ नका. यात एक म्हातारा नावाडी आहे. तुम्हाला त्याचा लळा लागतो आणि मग पुस्तक त्याला बुडवून मारतं. बुडताना तो हात वर करतो. एका माणसाचं मरण असं करमणुकीला मांडणाऱ्या बाईला काळीज नसावं. ज्यांच्या घरातलं कुणी नुकतं गेलंय, त्यांनी तर याला हातही लावू नये.’

खाली चारशे उत्तरं होती. ‘सांगितलंत ते बरं केलंत.’ ‘माझे वडील मार्चमध्ये गेले, मी मागणी रद्द करतोय.’ तुलसा शहरातल्या एका दुकानदारानं लिहिलं होतं, ‘आम्ही ठेवणार नाही.’

दारावरची घंटी वाजली. पा कू मुआ आत आली. अंगावर शाळेच्या बसचालकाचं जाकीट होतं आणि कडेवर दोन वर्षांचा मुलगा. पुस्तक तिनंच लिहिलं होतं. सकाळची फेरी आणि दुपारची फेरी यांच्यामधल्या वेळात, धुलाईकेंद्रात कपडे फिरत असताना, पोर मांडीवर घेऊन.

“वाचलंस?” तिनं विचारलं.

“वाचलं.”

“मॅडिसनहून प्रकाशकाचा फोन होता. शुक्रवारी दुपारी ठरवणार म्हणे, दुसरा भाग काढायचा की नाही ते. आवाजावरून तर ठरवून झालंय.” तिनं मुलाला खाली सोडलं. “ओडील, माझा नावाडी मरतच नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी त्याला मारलाच नाही! पान एकोणचाळीस काढ. चौकटीत छापलंय.”

ओडीलनं मांडणीवरची प्रत काढली. ओपल झाल्यापासून कुठलंच पुस्तक तिनं शेवटापर्यंत वाचलं नव्हतं. चौकटीत लिहिलं होतं, ‘सूत्रधारासाठी : वादळ कितीही मोठं आणा, पण नावाड्याला काही होऊ देऊ नका. तो सगळ्यांना घरी पोहोचवतो.’

“लढाईतून पळताना माझ्या आजीला एका माणसानं मेकाँग नदी पार करून दिली,” पा कू म्हणाली. “अंधारात. पुन्हा कुणाला दिसला नाही, नाव कुणी विचारलं नाही. त्याच्यासाठी लिहिलंय मी हे. त्याला बुडवीन?”

“मग तिथं सांग की तसं!”

“कसं सांगू? सांगायचं तर शेवट फोडावा लागतो. शेकोटीवर ते चालत नाही; त्याचं तेवढं इशारा म्हणून चालवून घेतलं. आणि लेखिकेनंच भांडायला उतरायचं? अजून दोन शिव्या खाऊन येईन.”

एकोणचाळिसाव्या पानावरून ओडीलची नजर दुकानाच्या मागच्या कोपऱ्यातल्या गोल टेबलाकडे गेली. दर गुरुवारी तिथं पाच जण हेच पुस्तक खेळत. तीन गुरुवारांपूर्वी, बाहेर बर्फ पडत असताना, गल्ल्यावर बसल्या बसल्या तिनं स्वतःच्या कानांनी एक वाक्य ऐकलं होतं.

‘नावाडी गेला.’

२

पुस्तकात न मेलेला नावाडी तिच्याच दुकानात मेला होता.

या खेळाची रीत साधी. पुस्तक एकटा सूत्रधार वाचतो. बाकीच्यांनी त्यात डोकावायचंसुद्धा नाही. आपापलं पात्र व्हायचं, सूत्रधार सांगेल त्या जगात चालायचं, अडलं की फासे टाकायचे. म्हणजे नावाडी बुडाला असं त्या टेबलावरच्या माणसालाच वाटणार. अर्थात देशात अशी टेबलं आणखीही असतील. पण चौकटीत इतकं बजावल्यावर किती सूत्रधार त्याला बुडवतील?

गुरुवारचा सूत्रधार होता बर्नी ओल्शेव्स्की, निवृत्त पोस्टमन. खेळाडू चौघं : कर्ट, वेंडेल, डेल्फिन आणि हर्था.

सगळ्यात आधी संशय कर्ट नायगार्डवर. तो खेळांच्या पुस्तकांवर व्हिडिओ करायचा. त्याची जीभ एवढी तिखट की दोन प्रकाशकांनी त्याला पुस्तकं पाठवायचं बंद केलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तो नेहमीसारखा दुकानात आला.

“कर्ट, सहाशे अठ्ठ्याण्णव तूच का रे?”

“मी? मी तर तोंड दाखवून शिव्या देतो, बाई. त्यावरच पोट चालतं माझं.”

“नावाडी मेला तेव्हा तू टेबलावर होतास.”

कर्टनं इकडंतिकडं पाहिलं, पुढं वाकला आणि चोरी कबूल करावी तशा आवाजात म्हणाला, “बर्नीला सांगू नकोस. मी पुस्तक वाचलंय. सगळं.”

“खेळ चालू असताना? लाज नाही वाटत?”

“वाटते ना! म्हणून तर गप्प आहे. शेवटच्या घाटावर नावाडी आपलं नाव सांगतो, तिथं मी रडलो. खरंच रडलो. कौतुकाचा व्हिडिओ करून ठेवलाय, पण आपलं टेबल शेवटाला पोहोचल्याशिवाय कसा टाकू? हर्थाबाईंचा विरस होईल.” त्यानं कपाळ चोळलं. “आणि ज्यांच्या ज्यांच्याकडं पुस्तक आहे ना, ते सगळे असेच गप्प बसलेत बघ. गुपित फोडायचं नाही म्हणून. खोटं एकटंच बोलतंय.”

ओडीलला ते पटलं. ज्यानं पुस्तक वाचलंय आणि ज्याला ते पाडायचंच आहे, तो त्यातली खरी खोट काढील. कुणीही पान उलटून पकडेल असं खोटं कशाला लिहील?

“एक मात्र आहे,” जाता जाता कर्ट म्हणाला. “ते खातं नवं नाही. अकरा वर्षं जुनं आहे. शेकोटीवर त्याला मान आहे, म्हणून तर लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला. ऑक्टोबरपासून मात्र एक अक्षर नव्हतं, आणि एकदम हे.”

दुपारी वेंडेल क्रूगर आला. बियरच्या कारखान्यात काम करायचा तो. त्यानंही एक पुस्तक लिहिलं होतं आणि मॅडिसनच्या त्याच प्रकाशकानं ते परत पाठवलं होतं. ओडीलनं आडवळण घेतलं नाही.

“जळतो मी तिच्यावर,” वेंडेल सरळ म्हणाला. “का नाही जळणार? सहा वर्षं लिहिलं मी. पण मी स्वतः पंधरा वर्षं सूत्रधार होतो. वादळात माणूस मेला तर पुस्तकानंच मारला असेल असं मला वाटेल होय? अर्धं तर आम्हीच पदरचं घालतो. मी राग काढला असता तो बर्नीवर.”

“बर्नीवर का?”

“त्या दिवशी त्यानं फासे टाकलेच नाहीत. नुसतं सांगितलं, नावाडी गेला. मला खटकलं होतं.” त्यानं पडद्याकडं बघत डोळे बारीक केले. “हे सहाशे अठ्ठ्याण्णव... अगं, हे तर आपलंच गाव.”

“काय?”

“मिसिसिपी नदीचा मैल. काठावर पाट्या असतात त्या. मासे धरायला जातो तेव्हा दर वेळी बघतो. ला क्रॉस म्हणजे मैल सहाशे अठ्ठ्याण्णव.”

ओपल जागी झाली आणि रडू लागली. ओडीलला तिला थोपटायचंही क्षणभर सुचलं नाही.

३

बुधवारी बर्नी स्वतःच दुकानात आला. हातात गरम चीजच्या गोळ्यांची पिशवी होती आणि तोंडावर नेहमीचं हसू. ओडीलनं शेकोटीवरचा मजकूर त्याच्यासमोर धरला. वाचता वाचता ते हसू ओसरलं. ‘बुडताना तो हात वर करतो’ या ओळीवर त्याचं बोट थांबलं आणि तिथंच राहिलं.

“बर्नी, नावाडी तुम्ही बुडवलात. पुस्तकात तसं नाहीये.”

“नाहीये.”

“पण मी त्या दिवशी इथं बसले होते. हात वर केल्याचं तुम्ही बोलला नाहीत. मला आठवत नाही.”

“बोललो नाही मी.”

“मग या माणसाला कसं कळलं?”

बर्नीनं पिशवी गल्ल्यावर ठेवली. “चिठ्ठी दिली होती.”

टेबलावरच्या एकालाच काही दिसत असेल, तर सूत्रधार ते मोठ्यानं सांगत नाही. चिठ्ठीवर लिहून, घडी घालून त्याच्यासमोर सरकवतो.

“कुणाला?”

“ते सांगायचं नसतं, पोरी.”

“बर्नी! पा कूचं दुसरं पुस्तक शुक्रवारी मरतंय.”

“मला कळतंय.” त्यानं पिशवी तिच्याकडं सरकवली. “चाळीस वर्षं लोकांची पत्रं वाहिली मी. एकही फोडलं नाही, कुणाचं कुणाला दाखवलं नाही. आता या वयात शिकवू नकोस. चूक माझी आहे. पाहिजे तर माझं नाव लिही तिथं.”

तो निघून गेला. मजकूर चिठ्ठी घेणाऱ्याचाच आहे हे त्यानं ओळखलंय आणि त्याला तो पाठीशी घालतोय, हे लपत नव्हतं. खेळाडूंच्या चार फायली ओडीलच्याच कपाटात होत्या. चिठ्ठ्या त्यांतच ठेवतात लोक. तिनं कपाटाच्या कडीला हात लावला आणि मागं घेतला. दुसऱ्याची फाईल उघडली तर उद्यापासून या टेबलावर बसणार कोण?

संध्याकाळी तिनं डेल्फिन राउशला फोन लावला. डेल्फिन रुग्णालयात परिचारिका. प्रत्येक खेळाची टिपणं ती रोग्याच्या तक्त्यासारखी ठेवायची, आणि ती कुणीही वाचावीत म्हणूनच असत.

“चिठ्ठी गेली एवढं लिहिलंय. कुणाला ते मी लिहीत नसते,” डेल्फिन म्हणाली. मागून पोरांचा कालवा येत होता. “ए, ते दूध खाली ठेव! तुला नाही गं. ऐक. ‘सहा चाळीस. वादळ. नावेवरचे दिवे विझले. पूर्ण काळोख. नावाडी पाण्यात. कुणाला काही दिसत नाही. पेटलेला कंदील एकच, यल्वाच्या हातात.’”

“यल्वा म्हणजे कुणाचं पात्र?”

“अगं, हर्थाबाईंचं. का? काय झालं?”

४

ओडील ओपलला दूध पाजत बसली. हात अडकलेले असले की तिचं डोकं चांगलं चालायचं.

काळोखात बुडणाऱ्याचा वर आलेला हात कंदीलवालीलाच दिसणार. म्हणजे चिठ्ठी हर्थाबाईंना. पण हर्था ब्रांडल पंचाहत्तरीच्या. शिवणकामाच्या आणि चर्चच्या बाई. खेळायला लागून त्यांना पाचच महिने झाले होते. आणि खातं अकरा वर्षं जुनं. कशाचाच मेळ बसत नव्हता.

की बसत होता?

कर्ट, वेंडेल, डेल्फिन या सगळ्यांना ठाऊक होतं की सूत्रधार पदरचं घालतो. नावाडी बुडाला म्हणून ते पुस्तकाला दोष देणार नाहीत. ती चूक नवखं माणूसच करील. सूत्रधार बोलतो तो शब्दन् शब्द छापलेला असतो असं वाटणारं माणूस. टेबलावर नवखं एकच होतं.

आणि ते माणूस ज्या खुर्चीवर बसायचं ती खुर्ची मात्र जुनी होती. ऑक्टोबरपर्यंत तिथं वॉल्ट बसायचा. हर्थाबाईंचा नवरा. एकतीस वर्षं त्यानं मिसिसिपीवर मालाच्या नावा ढकलणारी टगबोट चालवली. ऑक्टोबरात बोटीवरच त्याचं हृदय बंद पडलं. महिन्याभरानं हर्थाबाई दुकानात आल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, “त्याची खुर्ची रिकामी ठेवू नका. मी बसते. शिकवाल ना?”

बोटीवरच्या माणसाला गावाचं नाव मैलानंच ठाऊक. खातं वॉल्टचं होतं. शेकोटीनं विश्वास ठेवला तो वॉल्टवर.

ओपल दूध पिता पिता थांबली आणि आईकडे पाहून हसली. ओडीलला मात्र हसू येईना. गुन्हेगार सापडला होता आणि त्याला धरावंसं तिला मुळीच वाटत नव्हतं.

५

गुरुवारी दुपारी ती लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन हर्थाबाईंकडे गेली. पा कूला तिनं बरोबर घेतलं नाही. बर्नीला मात्र फोन केला होता.

हर्थाबाईंनी ओपलला मांडीवर घेतलं, कॉफी ओतली आणि म्हणाल्या, “खेळ तर संध्याकाळी आहे. तू आत्ता आलीस म्हणजे तुला कळलं.”

“हर्थाबाई, ते तुम्ही लिहिलंत?”

“लिहिलं. वॉल्टनं पासवर्ड फ्रिजवर चिकटवून ठेवला होता. मला त्यातलं काही येत नाही, पण दोन बोटांनी लिहिलं. आणि पुन्हा लिहीन.” त्यांनी कॉफीचा कप दूर सारला. “तो माझ्या डोळ्यांसमोर नव्हता गेला. मी इथं भाजी चिरत होते. आणि कोण कुठली बाई, जिनं त्याला कधी पाहिलं नाही, ती पुस्तकात लिहिते की तो हात वर करतो. ‘मदतीसाठी नाही, निरोपासाठी. फक्त तुलाच दिसतं.’ हे विकायला ठेवलंय तुम्ही? मांडणीवर?”

“पुस्तकात ते नाहीये, बाई.”

“मला वेडी समजतेस? चिठ्ठी आहे माझ्याकडं.”

“चिठ्ठी आहे. पण ती पुस्तकातली नाही.”

हे दारातून आलं. तिथं बर्नी उभा होता. टोपी हातात. तो आत येईना.

“मी लिहिली, हर्था,” तो म्हणाला. “मीच. पुस्तकात नावाडी जगतो. मला वाटलं... तुला त्याचा निरोप घेता आला नाही, हे तू तेव्हा म्हणाली होतीस ना, अंत्यविधीच्या दिवशी. मला वाटलं, निदान टेबलावर तरी. वॉल्टनं तसाच केला असता हात.” त्यानं टोपी चुरगळली. “मला वाटलं होतं, तुला कळेल की ते माझं आहे.”

“मला कसं कळणार, मूर्खा!” हर्थाबाई ओरडल्या. ओपल दचकली, तशा लगेच हळू झाल्या. “मला वाटलं सगळं तिथं छापलेलंच असतं. मला कुणी सांगितलं होतं का, तुम्ही लोक मनचं घालता म्हणून?”

कुणीच सांगितलं नव्हतं. ज्यांना ठाऊक असतं त्यांना ते सांगायची गोष्ट वाटतच नाही.

हर्थाबाईंनी ओपलला नीट धरत विचारलं, “म्हणजे त्यानं हात वर केला, ते तू माझ्यासाठी लिहिलंस?”

“हो.”

“एकट्या माझ्यासाठी?”

“हो.”

त्यांनी डोळे पुसले. मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं आणि त्या ताठ झाल्या. “आणि त्या बिचारीला मी काळीज नाही म्हटलं! ओडील, काय वाट लावली मी तिची?”

ओडीलनं सांगितलं. मऊ न करता सांगितलं. दुसरं पुस्तक, मॅडिसन, शुक्रवार दुपार.

हर्थाबाईंनी ओपलला बर्नीच्या हातात दिलं, जसं काही ते पार्सल होतं, आणि संगणकासमोर बसल्या. “कुणी मला लिहून द्यायचं नाही. माझं मी लिहिते. फक्त एक सांग, नावाडी जगतो हे लिहिलं तर गुपित फुटतं ना?”

“फुटतं.”

“मग ते न सांगता लिहिते.”

६

त्यांनी लिहिलं ते असं :

‘मी वॉल्ट नाही. वॉल्ट ऑक्टोबरात गेला. मी त्याची बायको हर्था. त्याच्या नावाचा तुम्ही मान ठेवलात आणि मी त्या मानावर खोटं बोलले, न कळता. जे मला लागलं ते पुस्तकात नाहीच. ते माझ्या सूत्रधारानं माझ्यासाठी रचलं होतं, मायेनं, आणि मी ते उलटं घेतलं. मी पुस्तक वाचलेलं नाही. खेळाडू वाचत नाहीत. नावाड्याचं काय होतं ते मी सांगणार नाही. तुमच्या घरातलं कुणी गेलं असेल तर हे पुस्तक नक्की घ्या, आणि तुमच्यावर माया करणारा माणूस सूत्रधार करा. लेखिकेची मी माफी मागते. तिला काळीज आहे.’

संध्याकाळी टेबलावर खेळ झालाच नाही. चौघंही बर्नीला रागावण्यात आणि वड्या खाण्यात गुंतले होते. वेंडेल म्हणाला, “पुढच्या वेळी फासे टाक, म्हाताऱ्या.” एवढ्यावर त्याचं भांडण मिटलं. कर्टनं पुस्तक चोरून वाचल्याचं सगळ्यांसमोर कबूल केलं आणि त्याला शिक्षा म्हणून महिनाभर फासे पुसायचं काम मिळालं.

शुक्रवारी सकाळी शेकोटीवर वॉल्टसाठी लोकांनी काय काय लिहून ठेवलं होतं. पाच वर्षांपूर्वी त्यानं कुणाला नावेच्या गाठी शिकवल्या होत्या. कुणाला परीक्षेत नापास झाल्यावर धीर दिला होता. हर्थाबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या ओडीलच्या गल्ल्यामागं बसून एकेक वाचत होत्या आणि मध्येच मोठ्यानं म्हणत होत्या, “बघ, घरी तोंड उघडायचा नाही, आणि इथं!” रद्द झालेल्या मागण्या परत येत होत्या, पण सगळ्या नाही. तुलसाच्या दुकानदारानं दोनच प्रती मागवल्या. ‘आधी आमच्या टेबलावर खेळून पाहतो,’ त्यानं लिहिलं होतं. ओडीलला ते उत्तर आवडलं. तिचाही नियम तोच होता.

पा कू दुपारची फेरी सोडून आली. हर्थाबाई उठल्या. तेवढ्यात पा कूचा मुलगा हर्थाबाईंच्या शिवणाच्या पिशवीत हात घालून रिळं काढू लागला, आणि दोघी एकदम खाली वाकल्या.

“तुझं पोर का? भारी आगाऊ आहे.”

“आईवर गेलंय.”

फोन वाजला. मॅडिसन. पा कू ऐकत राहिली. नुसतं “हो” म्हणाली, आणखी एकदा “हो” म्हणाली, मग फोन ठेवून खुर्चीत बसली.

“काय म्हणाले?” ओडीलनं विचारलं.

“काढणार म्हणाले. थोड्याच प्रती, पण काढणार. फक्त हस्तलिखित सप्टेंबरात हवंय.” तिनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. “मी अजून एक ओळसुद्धा लिहिलेली नाही! नाव नदीतून वर जाते, उगमाकडं, एवढंच ठरवलंय. मी कधी बोटीत रात्र काढलेली नाही. पहाटे पाण्यावर काय दिसतं, काय ऐकू येतं, मला काय ठाऊक?”

हर्थाबाईंनी रिळं पिशवीत भरली. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या.

“पहाटे आधी दिसत नाही काहीच,” त्या म्हणाल्या. “आधी वास येतो. वॉल्ट म्हणायचा, धुकं उठायच्या आधी नदीला ओल्या दोरखंडाचा वास येतो. मग पलीकडच्या काठावर कुठलं तरी कुत्रं भुंकतं, आणि तेवढ्यावरनं त्याला कळायचं, आपण कुठं आहोत ते. तू लिहून घेतेस ना?”

पा कू कागद शोधू लागली. ओडीलनं गल्ल्यावरची वही तिच्याकडं सरकवली.

“घेते,” पा कू म्हणाली. “कुत्र्याचं नाव काय होतं?”